कोच म्हणून कुठंच टिकला नाही, मग हाजीने स्वतःचा क्लबच काढला

साल १९९४. अमेरिकेत फुटबॉल वर्ल्ड कप सुरू होता. रोमानियासमोर पहिल्याच मॅचला कोलंबिया. कोलंबिया म्हणजे तेव्हाची हवा असलेली टीम, खुद्द पेलेंनी त्यांच्यावर पैज लावावी इतकी. आणि या मॅचमध्ये डाव्या साइडलाइनजवळ रोमानियाच्या १० नंबरच्या पायात बॉल आला. तिथून कुणीही क्रॉस देतो. याने डाव्या पायाने बॉल उंच उडवला, तो पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून थेट जाळ्यात.

रोमानियाने मॅच ३-१ ने मारली. तो १० नंबर म्हणजे घ्यॉर्गे हाजी. (इंग्रजी स्पेलिंग बघून आडनावाचा भलताच उच्चार करू नका, ते ‘हाजी’च आहे.)

पुढे बाद फेरीत अर्जेंटिना आली. डोपिंगमध्ये अडकल्यामुळे मॅराडोना बाहेर होता, आणि हाजीला तर सगळे ‘कार्पेथियन पर्वतातला मॅराडोना’ म्हणायचे. रोमानियाने अर्जेंटिनाला ३-२ ने घरी पाठवलं, त्यात एक गोल हाजीचा. क्वार्टर फायनलला स्वीडनने पेनल्टी शूटआऊटवर हरवलं, पण तोपर्यंत रोमानियात हा माणूस देव झाला होता.

खेळाडू म्हणून त्याचं करिअर भारीच. रियल माद्रिद आणि बार्सिलोना या दोन्ही कट्टर वैरी क्लबांकडून खेळला. तिथं त्याचा म्हणावा तसा जम बसला नाही. जम बसला तो तुर्कस्तानात. गलातासरायसोबत लागोपाठ चार लीग जिंकल्या आणि २००० मध्ये आर्सेनलला हरवून यूएफा कप उचलला. डोकं मात्र गरम. त्या फायनलमध्ये त्याला लाल कार्ड मिळालं, आणि महिनाभराने युरो स्पर्धेत इटलीविरुद्धसुद्धा. देशासाठीची ती त्याची शेवटची मॅच. एकूण १२४ मॅच, ३५ गोल.

आता एवढा मोठा खेळाडू कोच होणार म्हटल्यावर लोकांच्या अपेक्षा काय असतील विचार करा.

२००१ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी थेट राष्ट्रीय टीमचा कोच. काम एकच होतं, २००२ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढायचं. प्लेऑफमध्ये समोर छोटासा स्लोव्हेनिया. रोमानिया हरला, हाजी गेला. मग तुर्कस्तानातला बुर्सास्पोर, तिथं काही महिने. गलातासरायने बोलावलं, २००५ च्या तुर्की कप फायनलमध्ये त्याने फेनरबाहचेला ५-१ ने धुतलं, पण लीग नेमकी फेनरबाहचेनेच जिंकली आणि हाजीचा मुक्काम हलला.

२००७ मध्ये स्टेआवा बुखारेस्ट. हा त्याचा जुना क्लब. टीमला चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत नेलं, पण मालक गिगी बेकाली टीममध्ये कोण खेळणार यात लक्ष घालायचे. हाजीला ते पटलं नाही. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन मोकळा.

थोडक्यात, ‘चांगला खेळाडू चांगला कोच असतोच असं नाही’ या यादीत त्याचं नाव जवळपास पक्कं झालं होतं.

तर झालं असं की २००९ मध्ये हाजीने कॉन्स्टान्ता या आपल्या भागात अकादमी काढली आणि सोबत एक क्लब. नाव ठेवलं ‘व्हिटोरुल’. रोमानियन भाषेत याचा अर्थ भविष्य. पैसा स्वतःचा, पोरं गावोगावची. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधून निघाला आणि २०१२ मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये पोहोचला. मधल्या काळात गलातासरायने पुन्हा बोलावलं होतं, पण पाच महिन्यांत काढून टाकलं.

२०१४ पासून तो आपल्याच क्लबचा कोच झाला. आता त्याला काढणार कोण? मालकही तोच. टीका करायची तर इथं करता येईल, पण या मोकळीकीचा वापर त्याने पोरांना संधी द्यायला केला. अकादमीतला क्रिस्तियान मानिया २०१४ मध्ये १६ व्या वर्षी रोमानियाकडून खेळला, तोपर्यंतचा देशाचा सगळ्यात लहान वयाचा खेळाडू म्हणून.

२०१७ मध्ये तर कहर झाला. लीगच्या शेवटी व्हिटोरुल आणि बेकालींचा क्लब (नाव बदलून एफसीएसबी झालेला) यांचे गुण समान. एकमेकांविरुद्धच्या निकालांवर व्हिटोरुल चॅम्पियन. समोरच्यांनी प्रकरण क्रीडा लवादाकडे नेलं, तिथंही हरले. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात व्हिटोरुलचा स्टार फ्लोरिनेल कोमान एफसीएसबीलाच विकला गेला. छोट्या क्लबचं गणितच तसं असतं, पोरं घडवायची, विकायची, त्यातून पुढची घडवायची.

२०२१ मध्ये व्हिटोरुल हा फारुल कॉन्स्टान्तामध्ये विलीन झाला. हाजीने फुटबॉल खेळायला सुरुवात केली तोच हा क्लब. मे २०२३ मध्ये विजेतेपद ठरवणारी मॅच, समोर पुन्हा एफसीएसबी. फारुल ०-२ ने मागे पडला आणि ३-२ ने जिंकला. कोच हाजी, दुसऱ्यांदा चॅम्पियन.

राष्ट्रीय टीमची अवस्था मात्र बिकट. १९९८ नंतर २०२२ पर्यंत एकाही वर्ल्ड कपला रोमानिया पोहोचला नाही. युरो २०२४ मध्ये शेवटच्या ग्रुप मॅचला स्लोव्हाकियाविरुद्ध टीम ०-१ ने मागे होती. तेव्हा एका रोमानियन खेळाडूला पाडलं गेलं आणि पेनल्टी मिळाली. तो होता यानिस हाजी, घ्यॉर्गेचा मुलगा. पेनल्टी घ्यायला आला राझवान मारिन, तोही हाजीच्याच अकादमीतला. गोल झाला, मॅच १-१ सुटली आणि रोमानिया ग्रुपमध्ये पहिला आला.