आखिरतचा हिशेब : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हिशेब’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. ‘हक्क’, ‘कर्ज’, ‘वारस’ हे शब्दही त्याच वाटेने आले. वाण्याच्या वहीपासून कोर्टाच्या कागदापर्यंत आपण ते रोज वापरतो. इस्लाममधल्या परलोकाच्या कल्पनेचा गाभाही याच शब्दांत आहे. कयामतच्या दिवसाला कुरआनात ‘यौमुल हिसाब’, म्हणजे हिशेबाचा दिवस, असंही म्हटलं आहे.

मुस्लिम श्रद्धेनुसार माणसाला एकच आयुष्य मिळतं, पुनर्जन्म नाही. मृत्यूपासून कयामतपर्यंतच्या अवस्थेला ‘बरजख’ म्हणतात. मग सगळ्यांना पुन्हा उठवलं जाईल, प्रत्येकाच्या हाती त्याच्या कर्मांची नोंद दिली जाईल आणि ‘मीजान’ या तराजूत ती कर्मं तोलली जातील. मृत्यूनंतरच्या या साऱ्या जीवनाला ‘आखिरत’ म्हणतात. इथवरचं अनेकांना ऐकून माहीत असतं. पण हा हिशेब नेमका कशाचा, याबद्दल मुसलमानेतरांमध्ये बरेच गैरसमज आहेत, आणि काही मुसलमानांमध्येही आहेत.

गैरसमज १ : मुसलमान घरात जन्म झाला की जन्नत, म्हणजे स्वर्ग, पक्की.

वस्तुस्थिती : नुसत्या नावावर आणि कुळावर भिस्त ठेवणाऱ्यांना कुरआनाने स्पष्ट बजावलं आहे. चौथ्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, (आयत म्हणजे वचन १२३) म्हटलं आहे, की निकाल ना तुमच्या इच्छेवर लागेल, ना आधीच्या ग्रंथधारकांच्या. वाईट करेल त्याला त्याचं फळ मिळेल. एकाचं ओझं दुसरा उचलणार नाही, हे तत्त्वही कुरआनात पुन्हा पुन्हा येतं. पैगंबरांनी आपली लाडकी लेक फातिमा हिलाही सांगितलं होतं, की माझ्या मालमत्तेतलं हवं ते माग, पण अल्लाहपुढे मी तुझ्या कामी येऊ शकणार नाही. सहीह बुखारी या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, संग्रहात ही नोंद आहे. जिथे लेकीलाच नात्याची सवलत नाही, तिथे इतरांची काय कथा?

गैरसमज २ : नमाज-रोजे चोख असले की बाकीचं सगळं चालून जातं.

वस्तुस्थिती : इथे दोन शब्द समजून घ्यायला हवेत. ‘हुकूकुल्लाह’ म्हणजे अल्लाहचे हक्क आणि ‘हुकूकुल इबाद’ म्हणजे माणसांचे हक्क. पहिल्यात नमाज, रोजे यांसारखी उपासना येते. दुसऱ्यात शेजाऱ्याची जमीन, मजुराची मजुरी, बहिणीचा वारसा, कुणाची अब्रू हे सगळं येतं. अल्लाह आपलं येणं सोडून देऊ शकतो. माणसाचं येणं मात्र त्या माणसाशीच चुकतं करावं लागतं, अशी शिकवण आहे.

सहीह मुस्लिम या संग्रहात याविषयी एक हदीस आहे. पैगंबरांनी सोबत्यांना विचारलं, दिवाळखोर कोणाला म्हणायचं? ज्याच्यापाशी पैसा नाही, चीजवस्तू नाही त्याला, असं ते म्हणाले. पैगंबरांनी सांगितलेला दिवाळखोर वेगळाच होता. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात (अनिवार्य दान) सगळं गाठीला बांधून येईल. पण त्याने एकाला शिवीगाळ केलेली असेल, दुसऱ्यावर खोटा आळ घेतलेला असेल, तिसऱ्याचा पैसा गिळलेला असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची पुण्याई एकेका येणेकऱ्याला वाटली जाईल. ती संपली आणि देणं उरलं, तर येणेकऱ्यांची पापं त्याच्या माथी येतील आणि शेवटी तो नरकात जाईल.

कुरआनाची ८३वी सूरह तर मापात पाप करणाऱ्यांपासूनच सुरू होते. स्वतः घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी मोजणाऱ्या माणसांना, आपल्याला पुन्हा उठवलं जाणार आहे हे ठाऊक नाही का, असं ती विचारते. अवघ्या सात आयतींच्या १०७व्या सूरहमध्ये अनाथाला हुसकावणाऱ्यांची आणि देखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांची एकाच दमात निर्भर्त्सना आहे. हिशेबात मुकी जनावरंही येतात. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, अशा हदीस आहेत.

गैरसमज ३ : तौबा केली, हजला जाऊन आलं, की पाटी कोरी.

वस्तुस्थिती : तौबेचं, म्हणजे पापाबद्दल पश्चात्ताप करून अल्लाहकडे परतण्याचं, दार शेवटच्या श्वासापर्यंत उघडं असतं, ही श्रद्धा खरी आहे. पण तौबेला अटी आहेत. तेराव्या शतकातले विद्वान इमाम नववी यांनी त्या सांगितल्या आहेत : पाप तिथल्या तिथे सोडणं, त्याचा मनापासून पश्चात्ताप होणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट लागते : ज्याचं त्याला परत करणं, किंवा त्याच्याकडून माफी मिळवणं.

कर्जाबाबत तर फार कडक भाषा आहे. शहीदाचंही सगळं माफ होतं, कर्ज मात्र नाही, असं सहीह मुस्लिममध्ये आहे. एकदा पैगंबरांसमोर एका कर्जदाराचा जनाजा, म्हणजे अंत्यविधीसाठी मृतदेह, आणला गेला. कर्ज फेडण्याजोगं त्याने मागे काही ठेवलं नव्हतं. पैगंबरांनी स्वतः नमाज पढवायला नकार दिला आणि सोबत्यांना पढायला सांगितलं. सोबत्यांपैकी अबू कतादा यांनी कर्ज अंगावर घेतलं, तेव्हाच पैगंबर पुढे झाले. वारसाहक्काच्या नियमातही हाच क्रम आहे : आधी दफनविधीचा खर्च, मग कर्जफेड, मग जास्तीत जास्त एक-तृतीयांशापर्यंतचं मृत्युपत्र आणि उरेल ते वारसांना.

गैरसमज ४ : जन्नत पुरुषांसाठीच, मरणारा-मारणारा तिथे जातो आणि त्याला ७२ हूर (स्वर्गीय स्त्रिया) मिळतात.

वस्तुस्थिती : ७२ हा आकडा कुरआनात नाही, तो तिर्मिजीच्या संग्रहातल्या हदीसमध्ये येतो. हूरांचा उल्लेख कुरआनात आहे. पण नवव्या सूरहमध्ये (आयत ७२) श्रद्धावान पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही जन्नतचं वचन देऊन, अल्लाहची प्रसन्नता त्याहून मोठी असल्याचं सांगितलं आहे. ३३व्या सूरहमध्ये (आयत ३५) दहा गुण सांगताना प्रत्येक वेळी पुरुष आणि स्त्री असा वेगवेगळा उल्लेख येतो. राहिली मरण्या-मारण्याची गोष्ट. एका निरपराधाचा जीव घेणं म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणं, असं पाचवी सूरह सांगते. आत्महत्याही निषिद्ध आहे. निरपराधांमध्ये जाऊन स्वतःला उडवणारा हे दोन्ही गुन्हे करतो.

गैरसमज ५ : सगळं नशिबात लिहिलेलं, मग माणसाला जाब कसला?

वस्तुस्थिती : तकदीरवर श्रद्धा आहे, पण ती हातपाय गाळून बसण्याची सबब होऊ शकत नाही. खलिफा उमर सीरियाकडे निघाले असताना तिथे प्लेग पसरल्याचं कळलं आणि त्यांनी माघारी फिरायचं ठरवलं. अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का, असं सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं. अल्लाहच्याच एका निर्णयाकडून दुसऱ्या निर्णयाकडे जातो आहोत, अशा अर्थाचं उत्तर उमर यांनी दिलं. निवड माणसाची, म्हणून जाबही त्यालाच. ज्याला निवड करण्याची समज नाही त्याला जाब नाही : लहान मूल, झोपलेला माणूस आणि बुद्धी गमावलेला माणूस यांच्या नोंदीची लेखणी उचललेली असते, असं हदीस सांगते.

गैरसमज ६ : प्रत्येक बिगर-मुस्लिम नरकातच जाणार, असं इस्लाम सरसकट मानतो.

वस्तुस्थिती : मुक्तीसाठी श्रद्धा आवश्यक, हे परंपरेचं मुख्य मत आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण संदेश देणारा पाठवल्याशिवाय शिक्षा नाही, असंही कुरआन सांगतं (१७:१५). ११११ साली वारलेले इमाम गझाली यांनी यावर सविस्तर लिहिलं. ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं नावच पोचलं नाही, आणि ज्यांच्यापर्यंत ते केवळ विकृत रूपात पोचलं, अशा दोघांनाही त्यांनी दोषमुक्त मानलं. अमुक एका माणसाचं शेवटी काय होईल, याचा निवाडा अल्लाहचा आहे.

जनाजाच्या नमाजपूर्वी अनेक ठिकाणी मयताचा जवळचा नातलग पुढे येतो आणि जमलेल्यांना विनवतो, की यांच्याकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला सांगा, आणि यांच्या हातून कुणी दुखावलं असेल तर माफ करा. आखिरतची सगळी शिकवण त्या दोन वाक्यांत आहे. फक्त ती दुसऱ्याला म्हणावी लागतात, कारण ज्याने म्हणायची त्याची वेळ संपलेली असते. वाचक कोणत्याही धर्माचा असो, कोणताच न मानणारा असो, ती दोन वाक्यं आपल्या तोंडाने म्हणण्याची मुभा आज त्याला आहे. कुणाचं देणं राहिलं असेल तर ते आजच देऊन टाका.