हेरकथेतली खरी भीती कोणती?



हेरकथा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पिस्तूल, वेषांतर आणि पाठलाग येतो. पण हुकूमशाही देशात घडणाऱ्या चांगल्या हेरकथेत खरी भीती वेगळीच असते. आपल्या जवळचा कोण खबऱ्या आहे हे कळत नाही, ही ती भीती.

खरा देश, खरी पाळत

पूर्व जर्मनीचं उदाहरण घेऊ. तिथल्या गुप्त पोलिसांना 'स्टासी' म्हणत. देशाची लोकसंख्या साधारण १ कोटी ६० लाख. १९८९ साली स्टासीचे सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी होते आणि दीड लाखाहून जास्त खबरे. हे खबरे म्हणजे शेजारी, सहकारी, मित्र. १९९२ पासून लोकांना स्वतःच्या फायली वाचता येऊ लागल्या. माहिती पुरवणारा आपलाच नवरा होता, हे एका बाईला तेव्हा कळलं.

कथेत हे कसं येतं?

जॉन ले कारे हे आधी शाळेत शिकवत, नंतर ब्रिटिश गुप्तहेर खात्यात गेले. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) ही त्यांची कादंबरी बर्लिनच्या भिंतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्यातल्या हेराला शत्रूनेच नाही, तर स्वतःच्या वरिष्ठांनीही फसवलेलं असतं.

'द लाइव्हज ऑफ अदर्स' (२००६) हा जर्मन चित्रपट तर शिक्षकांनी पाहावाच. सुरुवातीला स्टासीचा एक अधिकारी वर्गात शिकवतोय. कैद्याला झोपू न देता चौकशी कशी करायची, हा धडा. एक विद्यार्थी म्हणतो, हे अमानुष आहे. अधिकारी शांतपणे उत्तर देतो आणि त्या मुलाच्या नावापुढे हळूच फुली मारतो. बस्स, एवढंच. पण बघताना अंगावर काटा येतो.

पुढे लिफ्टमध्ये एक लहान मुलगा त्याला सांगून टाकतो की, बाबा म्हणतात स्टासीची माणसं वाईट असतात. अधिकारी सवयीने नाव विचारायला लागतो, मध्येच थांबतो आणि बाबांऐवजी मुलाच्या हातातल्या चेंडूचं नाव विचारतो! माणूस बदलतोय, हे तिथे कळतं.

आणि आपला वर्ग?

मीही मॉनिटरला सांगायचे, "बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही." एकदा एका मुलीचं नाव आलं, मी तिला उभं केलं. नंतर कळलं, ती शेजारणीला गणित समजावत होती. वर्ग म्हणजे काही हुकूमशाही नव्हे. पण मैत्रिणीनेच नाव दिलं, याचं तिला शिक्षेपेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. ती पद्धत मी बंद केली.

चित्रपट मोठ्यांसाठी आहे, मुलांना दाखवू नका. पण वर्गातल्या फुलीची गोष्ट सहावी-सातवीच्या मुलांना जरूर सांगा आणि विचारा, "त्या विद्यार्थ्याचं काय चुकलं?"

मग मुलं काय म्हणतात ते नुसतं ऐका. फुली मारू नका.