दूरच्या ऑब्जेक्टला हाक: रिमोट कॉल म्हणजे काय आणि तो साध्या कॉलसारखा का नसतो?

प्रोग्रामिंग शिकताना ऑब्जेक्टची मेथड कॉल करणं आपण पहिल्या काही आठवड्यांतच शिकतो. 'खाते.काढा(५००)' असं लिहिलं की खात्यातून ५०० रुपये कमी होतात आणि प्रोग्राम पुढच्या ओळीवर जातो. आता समजा, हे 'खाते' नावाचं ऑब्जेक्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच, ते मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरवर आहे. ओळ तीच लिहिता येईल का? येईल. पण तिचा अर्थ तोच राहील का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते आज आपण समजून घेऊ.

ही कल्पना आली कुठून?

१९८४ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क संशोधन केंद्रातले अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच मशीनवरच्या फंक्शनसारखं कसं कॉल करायचं, हे त्यात सविस्तर मांडलं होतं. यालाच रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे आरपीसी म्हणतात. पुढे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे दिवस आले आणि फंक्शनऐवजी अख्खं ऑब्जेक्टच नेटवर्कपलीकडे ठेवायची कल्पना रुजली. १९८९ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने कॉर्बा हे मानक आणलं. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये डीकॉम आणलं. १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये जावाला आरएमआय, म्हणजे रिमोट मेथड इन्व्होकेशन मिळालं.

सगळ्यांचं स्वप्न एकच होतं: ऑब्जेक्ट जवळ आहे की लांब, याचा प्रोग्रामरने विचारच करू नये.

आत नेमकं काय घडतं?

गावातला बँक मित्र डोळ्यासमोर आणा. तो गावात बसतो, अंगठा घेतो, पैसे देतो-घेतो. गावकऱ्यांना वाटतं, हीच बँक. पण खातं त्याच्याकडे नसतं. तो मागणी मशीनमधून बँकेकडे पाठवतो आणि बँकेचं उत्तर आपल्याला सांगतो.

रिमोट कॉलमध्ये हे काम 'स्टब' करतो. आरएमआयमध्ये क्रम साधारण असा असतो:

१. सर्व्हर आपलं ऑब्जेक्ट एका नावाने रजिस्ट्रीत नोंदवतो. ही रजिस्ट्री एरवी १०९९ या पोर्टवर चालते.
२. क्लायंट ते नाव विचारतो आणि त्याला स्टब मिळतो. दिसायला तो खऱ्या ऑब्जेक्टसारखाच, मेथड त्याच.
३. क्लायंटने मेथड कॉल केली की स्टब मेथडची ओळख आणि पॅरामीटर बाइट्सच्या स्वरूपात बांधतो. याला मार्शलिंग म्हणतात.
४. बाइट्स नेटवर्कवरून सर्व्हरकडे जातात. तिथे ते सोडवले जातात आणि खऱ्या ऑब्जेक्टची मेथड चालते.
५. उत्तर त्याच वाटेने परत येतं.

कॉर्बामध्ये ढाचा हाच, पण एक जादा सोय होती. मेथडची यादी आयडीएल नावाच्या तटस्थ भाषेत लिहायची, म्हणजे क्लायंट जावात आणि सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये असला तरी चालतं.

'पण दोन्ही प्रोग्राम तर एकाच लॅपटॉपवर होते!'

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आयटी शाखेत शेवटच्या वर्षाला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचे प्रयोग असतात. त्यांत आरएमआय आणि कॉर्बा दोन्ही आहेत. पुण्यात शिकणारा आमच्या पडेगावातला एक विद्यार्थी सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "दादा, प्रॅक्टिकल तर चाललं. पण क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅपटॉपच्या दोन खिडक्यांत होते. मग यात रिमोट काय?"

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. एकाच लॅपटॉपवर सगळं गोड दिसतं, कारण ज्या गोष्टींमुळे रिमोट कॉल वेगळा ठरतो, त्या तिथे जाणवतच नाहीत. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतल्या जिम वॉल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वॉलरॅथ आणि सॅम केंडॉल या चौघांनी एका टिपणात नेमकं हेच मांडलं. जवळचा आणि लांबचा कॉल सारखाच दाखवणं चूक आहे, असं सांगून त्यांनी चार फरक मोजले: लागणारा वेळ, मेमरीची पोहोच, अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी चालणारी अनेक कामं. यातले पहिले तीन आपण नीट पाहू. चौथ्याचं थोडक्यात असं, की दूरच्या ऑब्जेक्टला एकाच क्षणी अनेक क्लायंट हाक मारू शकतात, त्यामुळे त्याचा कोड थ्रेडच्या दृष्टीने सुरक्षित असावा लागतो.

फरक पहिला: वेळ

एकाच प्रोग्राममधल्या मेथड कॉलला काही नॅनोसेकंद लागतात. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल सरळ रस्त्याने गेली आणि वाटेत कुठेही थांबा नसला, तरी जाऊन-येऊन ३.३ मिलिसेकंद लागणारच. आकडा छोटा वाटतो ना? १ नॅनोसेकंद म्हणजे १ सेकंद असं धरून बघा. मग साधा कॉल काही सेकंदांत उरकतो आणि मुंबईचा कॉल ३८ दिवसांनी परत येतो!

याचा परिणाम डिझाइनवर होतो. समजा 'विद्यार्थी' ऑब्जेक्टला नाव, आसन क्रमांक, प्रत्येक विषयाचे गुण अशा ४० छोट्या मेथड आहेत. जवळच्या ऑब्जेक्टसाठी हे छान डिझाइन आहे. दूरच्या ऑब्जेक्टवर एका विद्यार्थ्यामागे ४० फेऱ्या होतात. ६० जणांच्या वर्गाच्या २,४०० फेऱ्या. नुसत्या प्रवासाचे जवळपास ८ सेकंद गेले. म्हणून दूरच्या ऑब्जेक्टकडे सगळं एकदाच मागावं: 'वर्गाचा निकाल दे'. किराणा आणायला कोणी दर वस्तूमागे एक चक्कर मारत नाही, यादी करूनच जातो. तसंच हे.

फरक दुसरा: मूळ की प्रत?

जावामध्ये मेथडला ऑब्जेक्ट दिला की त्याचा संदर्भ जातो. मेथडने आत बदल केला तर तो तुम्हालाही दिसतो. आरएमआयमध्ये दोन शक्यता आहेत. दिलेला ऑब्जेक्ट स्वतः रिमोट म्हणून नेटवर्कवर उघडलेला असेल तर त्याचा स्टब जातो. साधा सीरियलायझेबल ऑब्जेक्ट असेल तर त्याची प्रत जाते.

प्रत म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. झेरॉक्सवर पेनने नाव बदललं म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद बदलत नाही. कोडमध्ये मात्र प्रत आणि मूळ दिसायला सारखेच असतात, त्यामुळे 'मी तर व्हॅल्यू बदलली, मग बदललेली का दिसत नाही?' या प्रश्नात तासन्‌तास जातात.

फरक तिसरा: अर्धवट बिघाड

हा सगळ्यांत महत्त्वाचा. जवळच्या कॉलचे निकाल दोनच: काम झालं, किंवा एक्सेप्शन आलं. प्रोग्रामच कोसळला तर कॉल करणाराही सोबत कोसळतो. दूरच्या कॉलला तिसरा निकाल असतो: माहीत नाही.

उत्तर आलं नाही, याचे अर्थ किती? मागणी वाटेतच हरवली असेल. सर्व्हर काम करण्याआधी बंद पडला असेल. काम करून मग बंद पडला असेल. काम झालं, उत्तरही निघालं, पण ते वाटेत हरवलं असेल. किंवा सर्व्हर अजून कामच करत असेल. क्लायंटला या सगळ्यांत एकच गोष्ट दिसते: शांतता.

वर सांगितलेल्या चौघांपैकी वॉलरॅथ आणि वॉल्डो पुढे जावाच्या आरएमआयवर काम करणाऱ्यांत होते. आरएमआयमध्ये प्रत्येक रिमोट मेथडला 'रिमोटएक्सेप्शन' जाहीर करावंच लागतं. विद्यार्थ्यांना ही कटकट वाटते आणि ते रिकामा कॅच ब्लॉक लिहून मोकळे होतात. पण ती सक्ती म्हणजे एक पाटी आहे: इथून पुढे रस्ता तुमच्या ताब्यात नाही.

हे रोज आपल्या खिशात घडतं

यूपीआय घ्या. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयची ही यंत्रणा ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांसह प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. समजा, पडेगावातल्या किराणा दुकानात तुम्ही २४० रुपये पाठवले. तुमच्या बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला. दुकानातला साउंडबॉक्स मात्र गप्प. दुकानदार म्हणतो, "आले नाहीत भाऊ, परत टाका." हाच तो तिसरा निकाल! तुमचं अ‍ॅप, एनपीसीआय, तुमची बँक आणि दुकानदाराची बँक या साखळीत कुठेतरी एक उत्तर अडकलंय.

यूपीआयच्या रचनेत 'दूरचं खातं जवळचंच आहे' असं सोंग नाही. मागणीचा संदेश मिळाला की समोरची यंत्रणा फक्त पोच देते. खरं उत्तर नंतर वेगळ्या संदेशाने येतं. प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो सगळ्या टप्प्यांवर तोच राहतो. उत्तर आलं नाही तर त्या क्रमांकाने 'या व्यवहाराचं काय झालं?' असं विचारता येतं. पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर ते उलटे फिरवण्याची सोय आहे. या 'माहीत नाही'ला मुदतही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही तर ती व्यवहारानंतर १ दिवसाच्या आत, आणि दुकानदाराला पैसे मिळाल्याची खात्री पोचली नाही तर ५ दिवसांच्या आत परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

आता 'परत टाका'मधली मेख बघा. तुम्ही पुन्हा स्कॅन करून पैसे पाठवले की नवा क्रमांक तयार होतो. यंत्रणेच्या दृष्टीने तो वेगळाच व्यवहार. पहिलाही पूर्ण झाला तर २४० चे ४८० जातात. म्हणून आधी अ‍ॅपमध्ये जुन्या व्यवहाराची स्थिती बघावी, मगच पुढचं.

मग कोड कसा लिहायचा?

- क्रमांक कॉल करणाऱ्याने बनवावा, आणि पहिल्या प्रयत्नाआधीच. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लूपच्या आत क्रमांक बनवला, तर ते दुकानदाराच्या 'परत टाका'सारखंच झालं.
- सर्व्हरने तो क्रमांक जपावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करता जुनं उत्तर द्यावं. क्रमांकाची नोंद आणि शिल्लकेतला बदल डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवेत. नाहीतर दोहोंच्या मध्ये सर्व्हर पडला की सगळं मुसळ केरात.
- टाइमआउट स्वतः ठरवा. आरएमआय आणि गूगलने २०१५ मध्ये खुलं केलेलं जीआरपीसी, दोन्हींत तुम्ही मुदत दिली नाही तर क्लायंट उत्तराची वाट बघतच बसू शकतो.
- टाइमआउट म्हणजे 'अयशस्वी' असं धरू नका. वापरकर्त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' असं दाखवा आणि मागून स्थिती तपासा.

कॉर्बा आता मागे पडलंय. २०१८ च्या जावा ११ मधून ते काढूनच टाकलं. पण त्याने उभा केलेला प्रश्न कुठेही गेलेला नाही. आजच्या मायक्रोसर्व्हिसमध्येही स्टब तयार मिळतो, एका ओळीत कॉल होतो आणि ती ओळ तितकीच निरागस दिसते.

घरी करून पाहा

यासाठी एक लॅपटॉप पुरतो. आरएमआयच्या 'खाते' सर्व्हरमध्ये शिल्लक फाइलमध्ये लिहा. लिहिण्याआधी १० सेकंद आणि लिहिल्यानंतर, उत्तर देण्याआधी, आणखी १० सेकंद सर्व्हरला झोपवा. क्लायंटवरून ५०० रुपये काढा. एकदा पहिल्या झोपेत सर्व्हर बंद करा, एकदा दुसऱ्या. दोन्ही वेळा क्लायंटला रिमोटएक्सेप्शनच दिसेल. मग फाइल उघडून बघा: एकदा पैसे जागेवर, एकदा ५०० गायब. त्यानंतर वरचा क्रमांकाचा नियम कोडमध्ये घाला, सर्व्हर परत सुरू करा आणि त्याच क्रमांकाने पुन्हा ५०० मागा. दोन्ही प्रसंगांत शेवटी बरोबर ५०० च कमी झाले, तर तुमचं प्रॅक्टिकल खऱ्या अर्थाने पूर्ण झालं म्हणायचं.