मळवलीहून छत्तीस फेऱ्या

सोरायसिसचे चट्टे अंगभर पसरले आणि मलमाने भागेना, की डॉक्टर सांगतात, "लाइट घ्यावी लागेल. आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने." ऐकायला सोपे वाटते. पण मळवलीत राहणाऱ्या बाईने हा हिशेब मांडून पाहावा. आठवड्याला तीन म्हणजे बारा आठवड्यांत छत्तीस फेऱ्या. पुण्याला जायचे तर लोकलने एका बाजूला सव्वा तासाच्या आसपास, पुढे रिक्षा, मग केसपेपरची रांग. दुपारी लोकल विरळ, म्हणून परतीला फलाटावर बसणे आलेच. आणि यंत्रासमोर उभे राहायचे किती? सुरुवातीला मिनिटभरसुद्धा नाही, पुढे वाढत वाढत काही मिनिटे. छत्तीस वेळांचा प्रकाश एकत्र केला तरी तीन तास भरत नाहीत, आणि त्यासाठी नुसत्या गाडीत नव्वद तास जातात.

मुले शाळेत, सासूबाई अंथरुणावर, नवऱ्याचा रोजंदारीचा खाडा. अशा घरातली बाई आठ-दहा वेळा जाते आणि थांबते. मग घरचे म्हणतात, लाइटने काही गुण आला नाही.

हेच लाइट घरी घेतले तर? अमेरिकेत 783 रुग्णांवर हा प्रश्न तपासला गेला आणि 2024 साली त्याचा निकाल 'जामा डर्मेटॉलॉजी' या वैद्यकीय मासिकात आला. निम्म्या रुग्णांना घरी यंत्र दिले, उरलेल्यांना दवाखान्यात बोलावले. बारा आठवड्यांनी घरच्या गटात सुमारे 33 टक्के लोकांची त्वचा साफ किंवा जवळजवळ साफ झाली होती, दवाखान्याच्या गटात सुमारे 26 टक्के. खरा फरक मात्र पुढेच आहे. ठरल्याप्रमाणे नियमित उपचार घेणारे घरच्या गटात 51 टक्के होते आणि दवाखान्याच्या गटात फक्त 16 टक्के. प्रकाश दोन्हीकडे एकाच जातीचा होता, अडचण तिथवर पोहोचण्याची होती. त्याआधी 2009 साली नेदरलँड्समध्ये 196 रुग्णांच्या अभ्यासातही घर आणि रुग्णालय बरोबरीचेच ठरले होते.

म्हणून उद्याच ऑनलाइन दिवा मागवावा का? नाही, थांबा. त्या अमेरिकन अभ्यासात यंत्र मोठे होते, प्रकाशाची मात्रा तेच ठरवून देत होते आणि मागे त्वचारोगतज्ज्ञ होते. तरीही लाली येऊन टिकून राहण्याचे प्रमाण घरी जास्त होते: साधारण 6 टक्के वेळा, दवाखान्यात जेमतेम एक टक्का. सोरायसिसमध्ये भाजलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो, त्यामुळे ही लाली हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

दिव्याची जातही पाहावी लागते. सोरायसिससाठी लागतो तो 311 नॅनोमीटरच्या आसपासचा 'नॅरोबँड यूव्हीबी' प्रकाश. आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून त्वचेला घाई करायला लावते. जी कातडी महिनाभरात बदलायची ती चार-पाच दिवसांत बदलू लागते आणि खपल्या साचतात. हा प्रकाश ती घाई शमवतो. कोरोनाच्या काळात जंतू मारायला घेतलेली यूव्हीसी ट्यूब घरात पडून असेल तर ती अंगावर मुळीच लावू नका, तिने डोळे आणि कातडी भाजतात. ब्यूटी पार्लरच्या लाल दिव्याचा इथे उपयोग नाही. काचेच्या खिडकीआड उन्हात बसणेही फुकट, कारण काच यूव्हीबी अडवते. आणि पावसाळ्यात आपल्या मावळात ऊन दिसते तरी किती दिवस?

उन्हाने कातडीचा इलाज करणे काही पाश्चात्त्यांचा शोध नव्हे. नाईलच्या खोऱ्यात 'आत्रिलाल' नावाची वनस्पती पोटात घेऊन पांढऱ्या डागांवर ऊन घेण्याची रीत होती. इब्न अल-बैतार यांनी तेराव्या शतकात तिची नोंद केली. 1940च्या दशकात कैरोचे डॉ. अल-मुफ्ती यांनी त्यातले द्रव्य वापरून पाहिले आणि त्यातूनच पुढे 'पूवा' हा उपचार आला. आपल्याकडची बावची त्याच गुणाची. पण ती परस्पर घेऊन उन्हात बसू नये, फोड येतात.

मला विचाराल तर वाट मधली आहे. सुरुवात रुग्णालयातच करा. आधी फोन करून लाइटचे यंत्र चालू आहे का, बायकांसाठी बाई कर्मचारी आहे का, हे विचारा. कपडे उतरवावे लागतात, त्यामुळे हा प्रश्न लाजण्यासारखा नाही. जवळ तळेगावातच सोय झाली तर निम्म्याहून अधिक प्रवास वाचतो. पहिले काही आठवडे तिथे मात्रा बसू द्या, मग डॉक्टरांनाच विचारा की घरचे यंत्र चालेल का. हाता-पायांवर थोडेच चट्टे असतील तर हातात धरायचे लहान यंत्रही पुरते. सांधे दुखत-सुजत असतील तर मात्र प्रकाशाने भागत नाही, औषधच लागते. ल्युपस असणाऱ्यांनी किंवा पूर्वी त्वचेचा कॅन्सर झालेल्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय हा उपचार करू नये. गरोदरपणी सोरायसिसची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालत नाही, यूव्हीबी बहुधा चालते.

घरी घेताना काळा संरक्षक चष्मा हवाच, आणि पुरुषांनी गुप्तांग झाकावे. त्या दिवशी कातडीला अत्तर लावू नका. काही सुगंधी तेलांनी प्रकाशात काळे डाग उठतात. अत्तर जुम्याला हवेच असेल तर कपड्यांना लावा. जाड मलमाचा थर प्रकाश अडवतो, ते नंतर लावावे. वुजूनंतर अंग टिपून लगेच ओलावा धरणारे मलम लावले तर खाज कमी होते. रमजानमध्येही लाइट घेता येते, त्यात पोटात काही जात नाही. मनात शंका असेल तर मशिदीतल्या मौलानांना विचारून घ्या. आणि मशिदीत सफीत शेजारी उभे राहिल्याने सोरायसिस कोणाला लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवे.

खंड पडला तर काय, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आठवड्याहून जास्त चुकले तर मात्रा कमी करावी लागते. तीन आठवड्यांहून जास्त गेले तर सहसा पुन्हा पहिल्या दिवसाच्या मात्रेपासून सुरुवात होते, मग यंत्र घरचे असो की रुग्णालयाचे.