'इन्फ्लुएन्स' आणि 'वजन'

धार काय किंवा देवास काय, आपल्या बाजारपेठांत "अमक्याचा इन्फ्लुएन्स मोठा आहे" हे वाक्य नित्य कानी पडते. शब्द इंग्रजी असला तरी आता घरचाच झाला आहे. म्हणून त्याचे मूळ सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, असे आम्हांस वाटले.

हा शब्द लॅटिनमधून आलेला असून 'आत वाहत येणे' हा त्याचा मूळ अर्थ होय. ग्रहताऱ्यांपासून एक अदृश्य प्रवाह वाहत येतो व तो मनुष्याचे स्वभाव आणि भाग्य घडवितो, अशी मध्ययुगीन युरोपात समजूत होती. त्या प्रवाहास हे नाव होते. साथीच्या तापाचे 'इन्फ्लुएन्झा' हे नाव याच शब्दाचे इटालियन रूप आहे. पुढे ग्रह मागे पडले आणि एकाची दुसऱ्यावर न दिसता चालणारी सत्ता, एवढाच अर्थ उरला. त्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. १८१८ मध्ये देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीने आणि १८१९ मध्ये धार संस्थानाने इंग्रजांशी तह केले. गाद्या पवारांच्याच राहिल्या, परंतु शब्द इंग्रजांचा चालू लागला.

मराठीने मात्र उपमा घेतली ती तराजूची. 'वजन' हा मूळचा अरबी शब्द. ज्याच्या बोलण्यास मान, त्याच्या शब्दाला 'वजन' आहे असे आपण म्हणतो. ज्यास आपण 'बडे प्रस्थ' म्हणतो, त्यातील 'प्रस्थ' हे संस्कृतात धान्याच्या मापाचेही नाव आहे. १६ प्रस्थांचा एक द्रोण. 'वशिला' हाही अरबीच. त्याचा अर्थ साधन. वजन स्वतःचे असते, वशिला दुसऱ्याचा असतो, हा भेद ध्यानी घेण्यासारखा आहे.

परंतु 'कागदावर वजन ठेवणे' म्हणजे लाच देणे, असाही अर्थ आता रूढ झाला आहे. कागद उडू नये म्हणून वजन ठेवावयाचे. येथे वजन ठेवल्यावाचून कागद हलतच नाही! तराजू हाती धरणाऱ्या आम्हांस हे लांछनास्पद वाटते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे घेण्याचे माप मोठे व देण्याचे लहान ठेवणे, हा एक आहे. भेसळीचा अतिचार त्यालाच लागून येतो. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर सुमारे ३७.३२ किलोचा बंगाली मण जाऊन किलो व क्विंटल आले. मापे बदलली, व्रत बदललेले नाही.

शेतकरी ज्या पेढीच्या काट्यावर निःशंकपणे माल टाकतो, तिच्या शब्दाला बाजारात आपोआप वजन येते. नव्या पिढीने वशिला शोधण्यापूर्वी आपला काटा तपासून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.