डेटा सेंटरमधील वरिष्ठ पद : प्रमाणपत्रापलीकडची परीक्षा

दिवा-रोहा रेल्वेमार्गावर नागोठण्याच्या पुढे आणि रोह्याच्या अलीकडे निडी हे छोटेसे स्थानक लागते. या परिसरातील तरुणांपुढे नोकरीच्या वाटा प्रामुख्याने दोनच होत्या. एक नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीची, दुसरी थेट मुंबईची. गेल्या दोन दशकांत पनवेल, महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात तिसरी वाट तयार झाली आहे, ती डेटा सेंटरची. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात आणि बँका व शेअर बाजार याच शहरात आहेत. साहजिकच त्यांची माहिती सांभाळणाऱ्या इमारतीही जवळपास उभ्या राहिल्या. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड सेवेचे विभाग सुरू केले. पनवेलचे योट्टा कंपनीचे केंद्र २०२० साली कार्यान्वित झाले.

या क्षेत्रात शिरकाव करणे फारसे अवघड नाही. पदवी किंवा पदविका आणि सीसीएनएसारखे प्रमाणपत्र असले की देखरेख कक्षातील पाळीचे काम मिळू शकते. खरी अडचण येते ती सात-आठ वर्षांनी, वरिष्ठ नेटवर्क अभियंत्याच्या पदासाठी अर्ज करताना. कार्यालयांची नेटवर्क वर्षानुवर्षे सांभाळलेले अनेक जण येथे अडखळतात आणि दोष प्रमाणपत्रांच्या संख्येला देतात. हे निदान बहुधा चुकीचे असते.

कार्यालयातील नेटवर्कमध्ये माहितीची ये-जा मुख्यतः आत-बाहेर होते. डेटा सेंटरमध्ये ती सर्व्हर-सर्व्हरमध्ये होते. एका तिकिटाच्या आरक्षणामागे अनेक सर्व्हर एकमेकांशी बोलत असतात. म्हणून तेथे 'लीफ-स्पाइन' ही रचना वापरतात. प्रत्येक लीफ स्विच प्रत्येक स्पाइन स्विचला जोडलेला असतो आणि एक मार्ग तुटला तरी वाहतूक दुसऱ्याने वळते. या रचनेचे मूळ बेल लॅबचे चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेल्या कल्पनेत आहे. जुन्या व्हीलॅन पद्धतीत ४,०९४ स्वतंत्र विभाग करता येत. व्हीएक्सलॅनमध्ये ही मर्यादा सुमारे १ कोटी ६७ लाखांवर जाते. अनेक ग्राहकांना एकाच छताखाली वेगळे ठेवायचे तर हे लागतेच.

मुलाखतीत मात्र व्याख्या क्वचितच विचारल्या जातात. प्रश्न साधारणतः असा असतो : रात्री दोन वाजता तक्रार आली, पिंग व्यवस्थित जाते, पण मोठी फाइल पाठवली की अडकते; प्रथम काय पाहाल? जाणकार उमेदवार आधी विचारतो, "आज कोणता बदल केला होता?" मग तो पाकिटाच्या आकाराकडे वळतो. व्हीएक्सलॅनचे वेष्टन प्रत्येक पाकिटावर सुमारे ५० बाइटचा भार टाकते. वाटेतील एखाद्या जोडणीवर १,५०० बाइटचीच मर्यादा राहिली असेल तर लहान पाकिटे सुटतात आणि मोठी अडतात. असे उत्तर पुस्तकातून क्वचितच येते. ते अशा एखाद्या रात्रीतून येते.

जबाबदारी किती मोठी असते हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची डेटा सेंटरे जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवणारी तपासणी यंत्रणा होती, पण तिच्यातच दोष होता. दुरुस्तीची नेहमीची साधनेही निकामी झाल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले आणि तेथील कडक सुरक्षेमुळे आत शिरण्यातही वेळ गेला. त्यामुळे नेटवर्क पडल्यावर त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा स्वतंत्र मार्ग कोणता, हा प्रश्न वरिष्ठ पदाच्या उमेदवाराने अपेक्षितच धरावा.

येथे नागोठणे-धाटावच्या मुलांना घरातली एक शिदोरी उपयोगी पडते. रासायनिक कारखान्यात वर्क परमिटशिवाय जोखमीचे काम सुरू होत नाही, हे वडील-काकांच्या बोलण्यातून त्यांनी ऐकलेले असते. डेटा सेंटरमधील बदलाची मंजुरी हे त्याचेच भावंड. काय बदलणार, कधी, बिघडल्यास पूर्वस्थितीला कसे येणार, हे आधी लिहून द्यावे लागते. माघारीचा मार्ग न लिहिता बदल सुचवणारा उमेदवार, कितीही हुशार असला तरी, धोक्याचाच.

प्रमाणपत्रे निरुपयोगी आहेत असे नव्हे. सीसीआयईची आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा आजही मान मिळवते. पण पायथन व अन्सिबलच्या साह्याने शेकडो स्विचवर एकाच पद्धतीने काम करता येणे आता तितकेच गरजेचे झाले आहे. सरावासाठी महागडी उपकरणेही लागत नाहीत. जीएनएस३ किंवा ईव्ही-एनजीवर घरच्या संगणकात छोटी लीफ-स्पाइन रचना उभी करता येते, मुद्दाम मोडता येते आणि दुरुस्त करता येते.

अर्जातही उपकरणांची लांबलचक नावे देण्यापेक्षा एखादी घटना लिहावी : काय बिघडले, किती वेळ सेवा बंद होती, निर्णय कोणता घेतला आणि तो चुकला असल्यास नंतर काय बदलले. शेवटचा तपशील बहुतेक जण गाळतात. मुलाखत घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.