लॅपटॉपला मॉनिटर घेताना

लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारी आमची मुले-मुली लॅपटॉप घरी आणतात आणि रात्री मान खाली घालून एक्सेलचे रकाने भरत बसतात. दुखणारी मान अम्मीने चोळायची! त्यापेक्षा वेगळा मॉनिटर घ्यावा, असे आम्हाला वाटते. आकड्यांच्या कामाला २४ इंची, १९२० × १०८० चा आयपीएस पुरतो. २७ इंची हवा तर २५६० × १४४० चा घ्या, नाहीतर अक्षरे भरड दिसतात. गेमवाल्यांच्या १४४ हर्ट्झवर पैसे घालण्याऐवजी वरखाली होणारा स्टँड बघा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी. चाळिशीचा चष्मा असेल तर थोडी खाली. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र जात नाही, म्हणून लॅपटॉप सोबत नेऊन दुकानातच जोडून पाहा.